धर्मग्रामाच्या जुन्या वह्या आणि आपले पूर्वज

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे पताका, वाद्ये, मिरवणूक आणि सहभोजन यांचेच चित्र प्रथम डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्यात काही गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ पाहावयाचा झाल्यास जुन्या करारातील लेवीय नामक पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडावा लागतो. पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकावे, दास्यात पडलेल्यांस मोकळे करावे आणि प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावे, अशी आज्ञा तेथे दिलेली आहे. कुळाकडे परत जाणे हे महोत्सवाचे एक मूळ अंग होय. म्हणून आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो या प्रसंगास विसंगत वाटणार नाही अशी आम्हांस आशा आहे.

आरंभी एक साधा प्रश्न विचारतो. या मंडपात बसलेल्यांपैकी किती जणांस आपल्या पणजीचे नाव सांगता येईल? आजोबांचे नाव सर्वांस ठाऊक असते; पणजोबांचे पुष्कळांस ठाऊक असते; परंतु पणजीचे नाव विचारले की आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. जिने उन्हातान्हात लेकरे वाढविली, त्यांस क्रुसाची खूण करावयास शिकविले, आणि जिच्यामुळे आपण आज येथे आहोत, तिचे नावही तिच्या नातवंडांच्या लेकरांस ठाऊक असू नये, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. आपल्या हिंदु शेजाऱ्यांच्या वंशावळी भाटांच्या मुखी आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या. आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्या दिवशी तो धागा तुटला. मग आपल्यासाठी दुसरा धागा कोठे आहे? तो आपल्या देवळाच्या कपाटात आहे, असे आम्ही नम्रपणे निवेदन करितो.

कुळाचा शोध घेण्याच्या कामी इंग्लंड देशातील लोक फार पुढे गेलेले आहेत. त्याचे कारण त्यांची बुद्धी नव्हे, तर त्यांच्या वह्या. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा हुकूम सोडला. १५९८ साली, एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून प्रतिवर्षी त्यांची एक नक्कल बिशपाकडे पाठवावी असे ठरले. १८१३ पासून छापील नमुन्याच्या वह्या आल्या आणि १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूनोंदणी सुरू झाली. १८०१ पासून तेथे बहुधा दर दहा वर्षांनी शिरगणती होत आलेली आहे. १८४१ पासून तीत घरोघरच्या माणसांची नावे पद्धतशीरपणे लिहिली जाऊ लागली आणि १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते व जन्माचा धर्मग्राम हेही लिहिले जाऊ लागले. शंभर वर्षे लोटल्यावर हे कागद लोकांस पाहावयास मिळतात. १९२१ च्या शिरगणतीचे कागद २०२२ साली खुले झाले. १९३१ चे इंग्लंड व वेल्सचे कागद मात्र १९४२ साली आगीत जळून गेले. एका रात्रीच्या आगीने एका पिढीचे दार कायमचे बंद झाले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

तथापि त्याच इंग्लंडात कॅथोलिकांची स्थिती निराळी होती. धर्मछळाच्या काळात कॅथोलिक धर्मगुरू वेष पालटून फिरत. त्यांनी वही ठेविली तर ती पकडली जाण्याचे भय, आणि न ठेविली तर नोंद नष्ट. पुष्कळदा वही धर्मगुरूच्या खाजगी सामानात असे व त्याच्याबरोबर गावोगाव जाई. १७५४ पासून १८३७ पर्यंत तर कायद्याच्या दृष्टीने विवाह सिद्ध होण्यासाठी कॅथोलिक वधूवरांस राजमान्य इंग्लिश चर्चमध्ये जावे लागे. त्यामुळे आज इंग्लंडातील कॅथोलिक घराण्यास आपला पूर्वज शोधावयाचा झाल्यास त्याचा विवाह ज्या पंथाने त्याचा छळ केला त्याच पंथाच्या वहीत शोधावा लागतो. नोंद जेथे असेल तेथे मान-अपमान न धरता जावे, हा पहिला धडा येथून घ्यावा.

त्याच देशातून आपणांस एक थोर पुरुष लाभला. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली ज्यांनी छापून प्रसिद्ध केले, ते फादर टॉमस स्टीफन्स. इंग्लंडात धर्मग्रामाच्या वह्या सुरू होऊन दहाबारा वर्षे होतात न होतात तोच, १५४९ च्या सुमारास, विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी प्रवासाचा वृत्तांत आपल्या वडिलांस लिहून कळविला. ते पत्र जपले गेले, छापले गेले, आणि त्यामुळे त्यांच्या वडिलांचे नावही टॉमस हेच होते हे आपणांस आज कळते. एका पुत्राने घरी धाडलेल्या पत्राने बापाचे नाव चार शतकांहून अधिक काळ जिवंत ठेविले. आपल्या घरातील जुन्या पेटीत पडलेली पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात पहिली सार्वत्रिक शिरगणती १८७१-७२ च्या सुमारास, निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाली. सर्व देशात एकाच वेळी अशी पहिली गणती १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाली. परंतु आपल्याकडे नावनिशीवार कागद आकडे काढून झाल्यावर जतन केले गेले नाहीत. छापील अहवालांत उरले ते केवळ आकडे. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याने तर वैयक्तिक नोंदी कोणासही पाहावयास मिळणार नाहीत असे ठरले. म्हणजे अमुक जिल्ह्यात किती ख्रिस्ती होते हे सरकार आपणांस सांगेल. परंतु त्यांत तुमचे पणजोबा होते की नव्हते हे सांगणार नाही. इंग्लंडातील मनुष्यास दोन दारे आहेत, आपणांस एकच. आणि ते एक दार म्हणजे संस्कारांची वही.

ही वही ख्रिस्तसभेने कशासाठी निर्माण केली? वंशावळीच्या अभिमानासाठी खचित नव्हे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाविषयी जो ठराव केला, त्यात विवाहाची नोंद ठेवण्याची व बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे लिहिण्याची आज्ञा दिली. कोणी पुरुषाने गुप्तपणे विवाह करून पुढे तो नाकारू नये, स्त्री व मुले निराधार होऊ नयेत, हा त्यातील मुख्य हेतु होता. दुर्बळांच्या रक्षणासाठी जी वही जन्मास आली, तीच आज विस्मृतीत गेलेल्यांची आठवण राखीत आहे. पुढे १९०८ च्या ईस्टरपासून अंमलात आलेल्या नियमाने, विवाह कोठेही झाला तरी त्याची खबर बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामास द्यावी आणि ती बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहावी असे ठरले. हा समास फार मोलाचा आहे. मुख्य ओळीत मनुष्याचा आरंभ असतो. समासात त्याची पुढची वाटचाल असते.

आपल्या या भागाचा इतिहास थोडक्यात सांगतो. सावॉय प्रांतातील आनेसी नगराहून आलेले संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे पाद्री १८४६ पासून विशाखापट्टणमच्या बाजूस काम करू लागले, आणि त्यांच्याच परिश्रमाने कामठीची लष्करी छावणी व नागपूर येथे धर्मकार्य वाढले. १८८७ साली विशाखापट्टणमपासून वेगळे होऊन नागपूरचे धर्मप्रांत स्थापन झाले. १९५३ साली ते महाधर्मप्रांत झाले. गोंदिया त्या काळी भंडारा जिल्ह्याच्या तिरोडा तहसिलीत मोडत असे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. १८८० नंतर छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला, १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेतला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याकडे जाणारा अरुंद मार्ग निघाल्यावर गोंदिया हे जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे निरनिराळ्या वाटांनी आलेल्या माणसांचे गाव. कोणी ड्रायव्हर, कोणी फायरमन, कोणी गँगमन. कोणाची मातृभाषा मराठी, कोणाची तामिळ, तेलुगु, कोंकणी वा इंग्रजी. म्हणून येथील कॅथोलिक कुटुंबाचा शोध बहुधा एकाच गावी पुरा होत नाही. जेथे देऊळ नव्हते तेथे फिरतीवर आलेला धर्मगुरू बाप्तिस्मा देई आणि आपल्या मुख्य ठाण्याच्या वहीत त्याची नोंद करी. तेव्हा जन्म एका गावचा आणि नोंद दुसऱ्या गावची, असे आढळल्यास गोंधळून जाऊ नये.

या वह्या बहुशः लॅटिन भाषेत आहेत. परंतु त्या भाषेचे भय बाळगण्याचे कारण नाही. पंधरावीस शब्द पाठ केले म्हणजे काम भागते. 'नातुस' म्हणजे जन्मलेला, 'फिलिउस' म्हणजे पुत्र, 'फिलिया' म्हणजे कन्या, 'पात्रीनुस' म्हणजे धर्मपिता, 'मात्रीना' म्हणजे धर्ममाता. नावेही लॅटिन वेष घेऊन येतात : जॉन हा 'योआन्नेस' होतो, जेम्स हा 'याकोबुस' होतो, लुईस हा 'लुदोविकुस' होतो. आडनावांची गोष्ट याहून अवघड. फ्रेंच बोलणाऱ्या पाद्र्याने मराठी वा तेलुगु नाव कानाने ऐकावे आणि रोमन लिपीत उतरवावे, तेथे 'ह' गळून जाणे किंवा 'च' चे भलतेच रूप होणे स्वाभाविकच होय. म्हणून स्पेलिंग जुळत नाही एवढ्यावरून नोंद टाकून देऊ नये. आणि उलटपक्षी, नाव जुळले एवढ्यावरून ती आपलीच असेही मानू नये. फ्रान्सिस आणि मेरी यांची जोडपी एका धर्मग्रामात कितीतरी असू शकतात.

शोध कसा करावा याचे दिग्दर्शन आम्ही आमच्याच घरच्या उदाहरणाने करितो. त्यात आमचा मोठेपणा नाही, हे आपणांस लवकरच दिसून येईल.

आमच्या घरी पूर्वापार असे सांगत की, आमचा मूळपुरुष नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत शिलेदार होता, त्यास जहागीर होती आणि पुढे ती सरकारजमा झाली. ही कथा आम्ही बालपणी ऐकली, मोठेपणी दुसऱ्यांस सांगितली, आणि खरे सांगावयाचे तर तिचा आम्हांस थोडा गर्वही होता. आणखी एक गोष्ट अशी की, आमच्या आजोबांचे नाव आमच्या घराण्यात त्यांच्यापूर्वी कोणाचेही असल्याचे ऐकिवात नव्हते. ते कोठून आले हे कोणास सांगता येत नसे.

आम्ही अलीकडून पलीकडे जात राहिलो. हाच या कामाचा राजमार्ग होय. शिलेदारापासून आरंभ करून खाली येऊ नये, आपणापासून आरंभ करून वर जावे. वडिलांच्या दाखल्यावरून आजोबांचा बाप्तिस्मा सापडला, तो १९१४ चा. त्यात पणजोबांचे व पणजीचे नाव होते. पणजीचे नाव आम्ही त्या दिवशी प्रथम वाचले. त्या नावांवरून १९११ ची विवाहाची नोंद मिळाली, आणि तीत वराचा बाप्तिस्मा कोठे झाला ते लिहिलेले होते. तेथील धर्मगुरूंस पत्र लिहिले; त्यांनी कृपाळूपणे वही उघडून नोंद आमच्यापुढे ठेविली. साल १८९७. मुलगा, वय सुमारे सहा वर्षे. आईबापांच्या नावांच्या जागी दोनच शब्द होते : 'पारेन्तेस इग्नोती', म्हणजे मातापिता अज्ञात. समासात त्याच्या १९११ च्या विवाहाची टीप होती. तेव्हा हाच तो मुलगा, याविषयी संशयास जागा उरली नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ, आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा, या दोहोंनी मध्य प्रांतात काय हाहाकार केला हे आपण वाचले असेल. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सापडलेली कितीतरी लेकरे मिशनच्या अनाथगृहांत आली. सहा वर्षांचे मूल आपल्या आईला 'आई' म्हणून ओळखते; तिचे नाव विचारले तर त्यास सांगता येईलच असे नाही. आमच्या पणजोबांस ते सांगता आले नसावे. जहागीर नव्हती, शिलेदार नव्हता. एक भुकेलेले मूल होते, आणि पुढे त्याने मोठे होऊन लोहमार्गावर काम केले.

ते दोन शब्द वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलो होतो. प्रथम मनात लज्जा आली, हे आम्ही लपवीत नाही. नंतर त्याच ओळीत पुढे दृष्टी गेली. धर्मपित्याचे नाव तेथे होते, आणि ते नाव आमच्या आजोबांचे होते. ज्या मुलास स्वतःचा बाप ठाऊक नव्हता, त्याने आपला पहिला पुत्र जन्मास येताच, त्या दिवशी आपल्या मस्तकावर हात ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव त्यास दिले होते. घराण्यात पूर्वी कोणाचेही नसलेले ते नाव कोठून आले, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले. बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून आम्ही शिलेदाराची कथा सांगावयाचे सोडून दिले, कारण आम्हांस तिच्याहून मोठी कथा सापडली.

संत मत्तय याने प्रभु येशूची वंशावळ दिली आहे, तीत केवळ राजेच आहेत असे नाही. तामार आहे, राहाब आहे, परदेशातून आलेली विधवा रूथ आहे. ज्यांची नावे दुसऱ्या एखाद्या वंशावळीकाराने गाळली असती, ती शुभवर्तमानात पहिल्याच पानावर आली आहेत. तेव्हा आपल्या शोधात अनाथ सापडो, मजूर सापडो, अथवा बापाच्या नावाची जागा कोरी सापडो. लाजण्याचे कारण नाही. उलट संत पौलाने तिमथ्याला अंतहीन वंशावळ्यांच्या नादी लागणाऱ्यांविषयी जो इशारा दिला तोही विसरू नये. कुळाचा शोध कृतज्ञतेसाठी करावा. शेजाऱ्याहून आपण उच्च ठरावे म्हणून करू नये. आणि अशी एखादी नोंद दुसऱ्याच्या कुटुंबाची दिसली, तर ती चव्हाट्यावर आणू नये.

देवळाबाहेरची साधनेही आहेत. आपल्या विदर्भात गावोगावचे कोतवाल जन्ममृत्यूची नोंद करीत. ती कोतवाल पुस्तके तहसिलीतून मिळण्याजोगी असतात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमीन असल्यास बंदोबस्ताची मिसल, रेल्वेच्या नोकरीचे पुस्तक, आणि दफनभूमीतील दगड, हे सर्व साक्षीदार होत. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये कॅथोलिक विवाहांची विवरणपत्रेही सरकारकडे जात. छावणीशी संबंध असलेल्या कुटुंबांनी हेही जाणावे की, कामठीस मद्रासचे लष्कर असल्यामुळे तेथील काही नोंदींच्या नकला मद्रास इलाख्याच्या वह्यांतून लंडनला गेल्या, आणि त्या आज तेथील ब्रिटिश ग्रंथालयात आहेत.

आता शेवटचे व महत्त्वाचे. वह्या शाश्वत नाहीत. वाळवी, ओल, आणि कागद खाणारी जुनी शाई यांपुढे धर्माची वही आणि वाण्याची वही सारखीच. इंग्लंडातील त्या आगीची आठवण येथे करावी. १९१७ च्या धर्मनियमसंहितेने प्रतिवर्षी वह्यांची एक नक्कल बिशपांच्या कचेरीत पाठविण्याची आज्ञा दिली होती, आणि १९८३ ची संहिता जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्या असे सांगते. ही आज्ञा जरी धर्मगुरूंस असली, तरी भार आपण सर्वांनी उचलावयाचा आहे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये आणि त्यास प्लास्टिकमध्ये गोठवू नये. दोहोंनी पुढे कागदाचा नाशच होतो. वही भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात, आडवी ठेवावी. धर्मगुरूंच्या अनुमतीने व देखरेखीखाली प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन त्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीत राहील अशी तजवीज करावी. आणि दाखला मागावयास जाताना धर्मगुरूंस वेळ द्यावा. वही हातात मागू नये, नोंदीचा उतारा मागावा, कारण त्याच पानावर दुसऱ्या जिवंत माणसांचीही नावे असतात.

आमची विनंती एवढीच आहे. महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक कागद घ्यावा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे, आणि तिला जेवढी नावे आठवतात तेवढी, विशेषतः स्त्रियांची, लिहून काढावी. जे ऐकीव असेल त्यापुढे ऐकीव असे लिहावे. मग देवळातील वहीशी ती ताडून पाहावी. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. वही कदाचित थांबेल, वृद्ध माणूस थांबणार नाही.

नोव्हेंबर महिन्याच्या दुसऱ्या तारखेस आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो आणि मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करितो. गतवर्षी त्या मिस्सेत आम्ही आमच्या पणजीचे नाव प्रथमच घेतले. पणजोबांच्या आईबापांचे नाव आम्हांस घेता आले नाही. ते दुष्काळाच्या वाटेवर कोठे पडले हे कोणासही ठाऊक नाही. परंतु ज्या पित्याजवळ सर्वांची नावे लिहिलेली आहेत, त्याच्या वहीत 'अज्ञात' हा शब्द नाही, अशी आमची श्रद्धा आहे. आपण आपल्या हातून जेवढी नावे वाचविता येतील तेवढी वाचवावी, आणि उरलेली त्याच्या स्वाधीन करावी.

प्रभु आपल्या धर्मग्रामाचे कल्याण करो, आणि आपल्या सर्व मृत पूर्वजांस चिरशांती देवो. आमेन.